लॉक बदलूनही न लागणारी खिडकी : रत्नागिरीतील एका घराचे प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी शहरात, समुद्रापासून साधारण एक किलोमीटरवर असलेल्या तीन मजली इमारतीतील पहिल्या मजल्यावरचे हे घर आहे. तेथे सत्तरी ओलांडलेल्या काकू आणि त्यांचे पती राहतात; मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला असतो. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. मापे, खर्च आणि घटनांचा क्रम मात्र त्या वेळी वहीत टिपून ठेवल्याप्रमाणेच दिला आहे. मी त्याच इमारतीत राहतो. अनेक वर्षे वर्कशॉपमध्ये काम केल्यामुळे हत्यारे हाताळण्याची सवय आहे, आणि म्हणूनच काकूंनी मे २०२४ मध्ये मला बोलावले.

या घरात दोन प्रकारच्या खिडक्या आहेत. दिवाणखान्यातील खिडकी पाच फूट रुंद आणि चार फूट उंच, दोन ट्रॅकची, म्हणजे सरकण्यासाठी दोन खोबण्या असलेली, ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आहे. झोपण्याच्या खोलीतील खिडकी इमारत बांधली तेव्हापासूनची, सागवानी चौकटीची आणि दोन झडपांची आहे. दोन्ही खिडक्या नैर्ऋत्येकडे तोंड करून आहेत, म्हणजे पावसाचा मारा थेट त्यांच्यावरच येतो. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. येथे खिडकी न लागणे म्हणजे पलंग ओला होणे, भिंतीला ओल धरणे आणि रात्रभर जागणे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून गेले, त्या रात्री या दोघांनी दिवाणखान्याच्या खिडकीला पाट लावून तो हाताने धरून ठेवला होता. त्यामुळे पावसाळ्याआधी खिडकी दुरुस्त व्हावी ही काकूंची घाई मला पूर्णपणे रास्त वाटली.

समस्या

मी गेलो तेव्हा सरकत्या खिडकीचे हँडल सुतळीने बाहेरच्या ग्रिलला बांधलेले होते आणि शटरच्या, म्हणजे सरकणाऱ्या काचेच्या पल्ल्याच्या, खालच्या बाजूला, चौकटीलगत, जुन्या साडीचा बोळा कोंबलेला होता. लॉकची कळ फिरत होती, परंतु आकडा चौकटीतील खाचेत न शिरता तिच्या कडेवर आपटून थांबत होता. जोर लावला की तो कधी अडकायचा, कधी नाही; आणि अडकलाच तर सोडवताना काकूंना दोन्ही हात लावावे लागायचे. त्यांच्या बोटांच्या सांध्यांना सूज असते, म्हणून ही बाब साध्या गैरसोयीपुरती राहिलेली नव्हती.

झोपण्याच्या खोलीत उजव्या झडपेची मूठ एका स्क्रूवर लोंबत होती, वरचा बोल्ट चौकटीच्या भोकापर्यंत पोचत नव्हता आणि झडपेची खालची कड चौकटीच्या तळपट्टीवर घासून पांढरी पडली होती.

याआधी एकदा दुरुस्ती झाली होती, हा या प्रकरणातील महत्त्वाचा भाग आहे. आदल्या वर्षी एका कारागिराने दिवाणखान्याच्या खिडकीला नवे लॉक बसवून ४५० रुपये घेतले होते. ते लॉक जेमतेम महिनाभर चालले. पुन्हा बोलावल्यावर त्याने चौकटीतील खाच खालच्या बाजूने कानशीने घासून मोठी करून दिली. तिसऱ्या वेळी दुसऱ्या कारागिराने खिडकी जुनी झाली असून संपूर्ण बदलावी लागेल असे सांगितले आणि १२,५०० रुपयांचा अंदाज दिला. हा अंदाज ऐकून काकू गप्प झाल्या होत्या. त्या वर्षी काकांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झालेले होते.

लॉकचा दोष की शटरचा?

येथे पहिला निर्णय घ्यायचा होता, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचा निकाल त्यावरच लागला. लॉक लागत नाही म्हटल्यावर हात आपोआप लॉकच्याच स्क्रूकडे जातो. परंतु नवे लॉक महिन्याभरात निकामी झाले होते, तेव्हा तेच काम पुन्हा करण्यापूर्वी लॉक खरोखर सदोष आहे का हे तपासणे आवश्यक होते.

मी देवघरातील चिमूटभर कुंकू खोबरेल तेलात कालवून ते आकड्याच्या टोकाला लावले, शटर बंद केले आणि कळ फिरवली. चौकटीवर उमटलेला लाल ठिपका खाचेच्या खालच्या कडेवर होता. म्हणजे आकडा जितका वर असायला हवा तितका नव्हता. नंतर काकूंकडून एक पातळ पोलादी उलथणे मागून घेतले, ट्रॅकवर फडक्याची घडी ठेवली आणि हँडलकडील बाजूने शटर त्या उलथण्याने हलकेच वर उचलून धरले. त्याच वेळी काकूंना कळ फिरवायला सांगितली. आकडा काहीही जोर न लावता खाचेत शिरला. काकू म्हणाल्या, "अरे, म्हणजे लॉक चांगलंच आहे की!" नेमके तेच होते, निदान त्याची मूळ रचना तरी चांगली होती.

मग पोलादी पट्टीने मापे घेतली. शटर बंद केल्यावर त्याचा वरचा कोपरा चौकटीला टेकत होता आणि खाली ६ मिलिमीटरची फट उरत होती. शटर सुमारे अडीच फूट रुंद आणि चार फूट उंच असल्याने, हँडलकडचा खालचा कोपरा जवळजवळ ४ मिलिमीटर खचला असेल तरच एवढी फट पडते. साडीचा बोळा ज्या फटीत कोंबला होता ती हीच. पाणी आत येणे आणि लॉक न लागणे या काकूंच्या मते दोन वेगळ्या तक्रारी होत्या. पट्टी लावल्यावर त्या एकाच दोषाच्या दोन बाजू असल्याचे स्पष्ट झाले.

लाकडी खिडकीतही तोच प्रकार निघाला. उजव्या झडपेच्या वरच्या बिजागरीचे तीनपैकी दोन स्क्रू नुसत्या बोटाने फिरत होते. वरची बिजागरी सैल झाली की झडपेचा मोकळा कोपरा खाली येतो, तळपट्टीवर घासतो आणि वरचा बोल्ट भोकापासून दूर राहतो. झडप उघडताना दरवेळी मुठीला हिसका द्यावा लागत असल्याने मुठीचे स्क्रूही निसटले होते. मूठ निखळणे हा सर्वांत शेवटचा परिणाम होता, दिसत मात्र तोच सर्वांत आधी होता.

विचारात घेतलेले पर्याय

संपूर्ण खिडकी बदलण्याचा पर्याय आधी बाजूला ठेवला. चौकट सरळ होती, काच शाबूत होती, ट्रॅकची उभी कड झिजलेली होती पण कापली गेलेली नव्हती. ट्रॅकची कड दातेरी होऊन फाटली असती तर माझे मत वेगळे असते, कारण तशा ट्रॅकवर नवी चाके सहा महिनेही टिकत नाहीत.

फक्त लॉक पुन्हा बदलणे सर्वांत स्वस्त आणि तासाभराचे काम होते, परंतु एकदा फसलेला उपाय कारण न बदलता पुन्हा करण्यात अर्थ नव्हता. खाच आणखी खाली घासणे हाही याच मार्गाचा भाग. त्याने आकडा अडकतो, पण शटर तिरकेच राहते, फट तशीच राहते आणि चाके अधिकच झिजत जातात.

काही न करता ट्रॅकमध्ये मापाने कापलेली बांबूची काठी आडवी ठेवणे, हा तात्पुरता पर्याय होता. बंद शटरमागे ट्रॅकमध्ये काठी असली की शटर बाहेरून सरकवता येत नाही. सामान मिळेपर्यंतचे सहा दिवस आम्ही हेच केले आणि सुतळी सोडून टाकली. सुतळीची गाठ काकूंच्या बोटांना घाईत सुटली नसती, याची मला पहिल्या दिवसापासून काळजी होती.

उरला तो मार्ग म्हणजे शटर मूळ पातळीवर आणणे आणि मगच लॉकला हात लावणे. त्यात शटर उतरवावे लागणार होते. काच ४ मिलिमीटर जाडीची होती. काचेचे वजन दर चौरस मीटरला जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच किलो धरले तर एका शटरमधील केवळ काचच ९ किलोंहून अधिक भरते. हे एकट्याने करण्याचे काम नव्हे. म्हणून अर्ध्या दिवसासाठी एक ॲल्युमिनियम कारागीर ६०० रुपये मजुरीवर घ्यायचे ठरले. सोसायटीच्या उपविधींनुसार घराच्या आतील अशी दुरुस्ती सदस्यानेच स्वखर्चाने करायची असल्याने खर्च काकूंचा होता, आणि काय व का करणार हे त्यांना आधी समजावून सांगून त्यांची संमती घेतली.

प्रत्यक्ष काम

शटर उतरवताना एक गोष्ट लक्षात आली. सरकते शटर वरच्या खोबणीत उचलून, खालची कड आत ओढून काढतात. कोणी बाहेरून तसे उचलू नये म्हणून वरच्या खोबणीत एक स्क्रू ठेवण्याची पद्धत आहे. मागच्या दुरुस्तीत तो काढला गेला होता आणि परत लावलेलाच नव्हता. बाहेर ग्रिल असल्यामुळे येथे धोका कमी होता. तळमजल्यावरच्या बिनग्रिलच्या खिडकीत असा स्क्रू नसणे म्हणजे लॉक उघडे ठेवण्यासारखेच ठरले असते.

शटर पलंगावर गोधडी अंथरून आडवे ठेवले आणि खालची चाके बाहेर काढली. कारागीर त्यांना बेअरिंग म्हणतात. हँडलकडील बेअरिंगचे नायलॉनचे चाक एका बाजूने पूर्ण चपटे झालेले होते. त्याची लोखंडी पिन गंजून जाम झाली होती, त्यामुळे चाक फिरतच नव्हते. बऱ्याच काळापासून ते ट्रॅकवर नुसते घासत ओढले जात होते. दुसरे बेअरिंग अडखळत का होईना, फिरत होते. एक बाजू खचली आणि दुसरी तशीच राहिली, म्हणून शटर तिरके झाले.

आता पिन का गंजली? खालचा ट्रॅक साफ केला तेव्हा त्यात वाळू, मेलेले किडे आणि काळा चिकट थर निघाला. ट्रॅकच्या बाहेरच्या भिंतीत पाणी वाहून जाण्यासाठी दोन लांबट भोके असतात. ती दोन्ही रंगाने आणि पुट्टीने बुजलेली होती. इमारतीला बाहेरून रंग दिला गेला तो तौक्तेनंतरच्या हिवाळ्यात. रंग देताना कोणी ट्रॅक झाकला नव्हता. मी ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतले, ते वीस मिनिटे तसेच उभे राहिले. सायकलच्या जुन्या स्पोकने भोके मोकळी केली आणि पुन्हा तांब्याभर पाणी ओतले. या वेळी ते अर्ध्या मिनिटात निघून गेले. बुजलेल्या भोकांमुळे दर पावसाळ्यात पाणी ट्रॅकमध्ये साचत होते, त्यात खाऱ्या हवेतील मीठ उतरत होते, त्यातून पिन गंजली, चाक अडकले, झिजले, शटर खचले, आकडा खाचेखाली गेला, कळीवर जोर पडू लागला आणि शेवटी लॉक बिघडले. ही साखळी मी काकूंना ट्रॅकजवळ उभे राहून दाखवली. त्या बराच वेळ त्या दोन भोकांकडे पाहत राहिल्या.

दोन्ही शटरची मिळून चारही बेअरिंगे बदलली. बाहेरचे शटर क्वचित सरकवले जाते, तरी त्याच्या पिनाही गंजू लागल्या होत्या. नवी बेअरिंगे घेताना जुने बेअरिंग नमुना म्हणून दुकानात नेले, कारण सेक्शनच्या, म्हणजे शटरच्या ॲल्युमिनियम पट्टीच्या, रुंदीत थोडा जरी फरक असला तरी ते खोबणीत बसत नाही. चाक नायलॉनचे आणि पिन स्टेनलेस स्टीलची असलेलीच निवडली. स्क्रूही स्टेनलेसचेच घेतले. दुकानात चुंबक लावून पाहिले आणि घट्ट चिकटणारे परत केले. मागच्या दुरुस्तीतील साध्या लोखंडी स्क्रूंभोवती ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी जमली होती. खाऱ्या ओलाव्यात लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते, त्याची ती खूण. त्यातील एक स्क्रू काढताना डोके तुटून आत राहिला. तो ३ मिलिमीटरच्या ड्रिलने कोरून काढावा लागला आणि त्यात पाऊण तास गेला.

शटर परत चढवल्यावर खालची फट नाहीशी झाली. मात्र आता आकडा योग्य उंचीवर आला, तर खाच आधीच खालून घासून मोठी केलेली होती, त्यामुळे लॉक लागूनही शटर खडखडत होते. यावर खाचेवर स्टेनलेसची एक छोटी पट्टी बसवली, जिची भोके लांबट असल्याने ती थोडी वर-खाली आणि आत-बाहेर सरकवता येते.

येथे माझ्याकडून चूक झाली. पट्टी पक्की करून मगच शटरच्या कडेची झिजलेली ऊल पाइल, म्हणजे वारा व धूळ अडवणारी केसाळ पट्टी, बदलायला घेतली. नवी ऊल पाइल जाड असल्याने शटर चौकटीपासून २ मिलिमीटर अलीकडेच थांबू लागले आणि आकडा पुन्हा अर्धवट अडकू लागला. खाचेवरची पट्टी सोडवून नव्याने लावावी लागली. शटरच्या जागेवर परिणाम करणारे प्रत्येक काम संपल्यानंतरच लॉकची खाच नक्की करायची, हा क्रम मी स्वतः सांगत होतो आणि स्वतःच मोडला.

हँडल व लॉक शेवटी बदलले, कारण जोर लावून लावून आतील स्प्रिंग ढिली झाली होती. यासाठी दुकानदाराकडून दोन नमुने घरी आणले. एक सपाट, दिसायला नीटस आणि बोटाच्या टोकाने दाबण्याचे. दुसरे लांब दांड्याचे, थोडे बोजड. काकूंनी पहिले दाबून पाहिले आणि लगेच परत दिले : "हे माझ्या बोटांना पेलत नाही रे." दुसरे त्यांनी तळहाताच्या कडेने सहज फिरवले. मी एकट्याने खरेदी केली असती तर पहिलेच आणले असते.

लॉकमध्ये काकू वर्षभर खोबरेल तेल सोडत आल्या होत्या. तेलावर धूळ आणि मीठ बसून त्याचा गोळा झाला होता आणि मुंग्याही लागल्या होत्या. नव्या लॉकमध्ये पेन्सिलच्या शिशाची बारीक पूड घातली. ती कोरडी असल्याने धूळ धरत नाही.

लाकडी खिडकीचे काम दुसऱ्या दिवशी, कारागिराशिवाय, मी आणि काकांनी मिळून केले. बिजागरीच्या व मुठीच्या मोकळ्या झालेल्या भोकांत सागाच्या बारीक कामट्या फेव्हिकॉल लावून ठोकल्या, चोवीस तास सुकू दिल्या, जास्तीचा भाग पटाशीने छाटला आणि बारीक भोक पाडून नवे स्क्रू बसवले. झडप वर उचलली गेली आणि बोल्ट न घासता वर शिरला. खालची कड रंध्याने छाटावी असे काकांचे म्हणणे होते. मी त्याला नकार दिला, कारण बिजागरी सरळ झाल्यावर घासणे थांबले होते, आणि पावसात फुगलेल्या लाकडाच्या मापाने रंधा मारला तर हिवाळ्यात तेथे फट पडते. त्याऐवजी झडप उलटी करून तिची खालची कड पाहिली. अपेक्षेप्रमाणे ती कधीच रंगवलेली नव्हती. ती नजरेआड असते, पण लाकूड पाणी पिते ते तिथूनच. तिला प्रायमर आणि रंगाचे दोन हात दिले.

परिणाम

एकूण खर्च १,७३० रुपये झाला : कारागिराची मजुरी ६००, लॉक व हँडल २६०, चार बेअरिंगे १८०, सिलिकॉन (फटी बुजवायचा लेप) १८०, ऊल पाइल १२०, खाचेवरची पट्टी ९०, स्क्रू ६०, आणि लाकडी खिडकीचे सगळे सामान २४० रुपये. माझा आणि काकांचा वेळ यात धरलेला नाही.

जूनमधील पहिल्या जोरदार पावसात दिवाणखान्याच्या खिडकीतून पाणी आत आले नाही. ट्रॅकमध्ये पाणी आले आणि भोकांतून बाहेर गेले. काकूंनी टॉर्च घेऊन ते पाहिले व रात्री साडेदहाला मला फोन करून सांगितले. लाकडी खिडकीने मात्र जुलैच्या मध्यात पुन्हा थोडा त्रास दिला. लाकूड फुगून बोल्ट जड झाला. झडपेला हात न लावता चौकटीतील बोल्टचे भोक गोल कानशीने थोडे मोठे केले, तेवढ्याने भागले. ऑक्टोबरमध्ये पाहणी केली तेव्हा हँडलचा एक स्क्रू सैल आढळला, तो घट्ट केला. शटर वर उचलून पाहिले. वरच्या खोबणीत पुन्हा बसवलेल्या स्क्रूमुळे ते निघाले नाही.

वेगळे काय करता आले असते

आदल्या वर्षीच कोणी शटर उचलून पाहिले असते तर पहिले ४५० रुपये वाचले असते आणि खाच घासली गेली नसती. ते घासणे सर्वांत महागात पडले, कारण इतर सर्व दोष सुटे भाग बदलून दूर होतात, कापलेली चौकट पुन्हा भरून येत नाही. कारागिरावर सगळा दोष टाकणे मला योग्य वाटत नाही. त्याला "लॉक बदला" असेच सांगितले गेले होते. त्याला "खिडकी लागत नाही, खालून पाणी येते" अशी दोन्ही लक्षणे एकत्र सांगितली असती तर त्याचेही लक्ष कदाचित बेअरिंगकडे गेले असते.

माझ्या बाजूने पाहता, शटर उतरवण्याआधी चारही कोपऱ्यांचे फोटो काढायला हवे होते आणि दोन बेअरिंगे जास्तीची घेऊन ठेवायला हवी होती. त्या सेक्शनच्या मापाची बेअरिंगे दुकानात शोधून काढावी लागली; आणखी पाच वर्षांनी ती मिळतील याची खात्री देता येत नाही. लाकडी खिडकीच्या डाव्या झडपेची खालची कडही त्याच वेळी रंगवायला हवी होती. ती चांगली दिसत होती म्हणून सोडली, आणि जुलैमध्ये फुगली ती तीच.

पावसाळ्यानंतर इमारतीतील इतर घरांचे ट्रॅक तपासले तेव्हा नैर्ऋत्येकडील बहुतेक खिडक्यांची भोके तशीच रंगाने बुजलेली आढळली. दोन घरांत लॉक आधीच बदलून झाले होते. सचिवांशी बोलून एका रविवारी सगळ्यांनी मिळून ती मोकळी केली, आणि पुढील रंगकामाच्या करारात रंग देण्यापूर्वी प्रत्येक खिडकीचा खालचा ट्रॅक चिकटपट्टीने झाकावा व काम संपल्यावर भोकांत पाणी ओतून दाखवावे, अशी अट घालण्याचा ठराव सोसायटीने मंजूर केला.